७४ टक्के चार्ज, तरी गाडी बंद

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मे महिन्यात गावाला गेलो होतो, आणि परत आल्यावर जे काही झालं ते निस्तरण्यात लागोपाठ दोन शनिवार-रविवार गेले. आज बायको आणि मुलगी नाटकाला गेल्यात, चहा केलाय, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहून टाकावं. इलेक्ट्रिक गाडी घेतलेले किंवा घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण आता आजूबाजूला दिसतात, त्यांच्या उपयोगाचं आहे.

तर झालं असं. सोळा दिवस कोकणात राहून आम्ही रविवारी रात्री पुण्याला परतलो. गेलो होतो ट्रेनने, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच होती. सोमवारी सकाळी सात वाजता आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात पोचवायचं होतं. सव्वासहाला आई फाईल, पाण्याची बाटली आणि जपाची माळ घेऊन खाली येऊन उभी राहिली. मी किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. किल्लीतला सेल गेला असेल म्हणून वर जाऊन दुसरी किल्ली आणली. तरी काही नाही. दिवा नाही, आरसे उघडणं नाही, नेहमीचा 'टुक' आवाज नाही. गाडी म्हणजे नुसता पत्रा.

आई म्हणाली, "अरे, चार्जिंग संपलं असेल."

मी म्हटलं, "अगं, चौऱ्याहत्तर टक्के आहे."

"मग चालू का होत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. रिक्षा मिळाली, ऑपरेशन वेळेवर झालं, आई आता बिनचष्म्याचा पेपर वाचते. पण त्या पाऊण तासात तिचं बीपी किती वाढलं असेल ते मला नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकलायची वेळ आली होती. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता 'टेक्निकल' राहिलेला नाही.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली भेटले. त्यांची पेट्रोलची गाडी बारा वर्षं जुनी. "काय रे, बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी बसली म्हणे?" हे वाक्य त्यांनी मनात किती वेळा घोळवलं असेल देव जाणे. पण जंपर केबल त्यांच्याकडेच होती, त्यामुळे हसून घेतलं.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक ती मोठी, तळाशी पसरलेली, तीनशे-चारशे किंवा त्याहून जास्त व्होल्टची. हिच्यावर मोटर चालते, हिचीच टक्केवारी आपल्याला स्क्रीनवर दिसते. दुसरी बारा व्होल्टची, बहुतेक गाड्यांत साधी लेड-ॲसिड, कुठल्याही पेट्रोल गाडीत असते तशीच. दाराची कुलुपं, दिवे, वायपर, स्क्रीन आणि गाडीतले सगळे छोटेमोठे कॉम्प्युटर हिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटरसुद्धा हिच्याच जिवावर.

आणि खरी मेख इथेच आहे. गाडी बंद केली की मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडली जाते. काँटॅक्टर नावाचे दांडगे रिले असतात, ते उघडतात. अपघात झाला, गॅरेजवाल्याने हात घातला, पाणी शिरलं, तर चारशे व्होल्ट मोकळे फिरू नयेत म्हणून ही व्यवस्था, आणि ती योग्यच आहे. पण काँटॅक्टर पुन्हा जोडायचे तर त्यांच्या कॉइलला बारा व्होल्ट लागतात. ते नसले की संपलं. कोठार धान्याने भरलेलं आहे, पण कोठाराची किल्ली सांभाळणारा उपाशी बेशुद्ध पडलाय, अशातली गत. चार्जर लावूनही उपयोग होत नाही, कारण चार्जिंग सुरू होण्याआधी गाडीने चार्जरशी बोलावं लागतं, आणि बोलणारा कॉम्प्युटरही बारा व्होल्टवालाच. हे मी करून बघितलं. चार्जरचा हिरवा दिवा माझ्याकडे शांतपणे बघत राहिला.

किल्लीच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली असते, ती काढून दार उघडलं. बॉनेटचा खटका केबलवर चालणारा होता, हे नशीब. मल्टीमीटर लावला तर ८.१ व्होल्ट! भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, बाराच्या खाली गेली म्हणजे जवळपास रिकामी. ८.१ म्हणजे तिरडीच बांधायची.

काकांच्या गाडीवरून केबल जोडली. लाल लालला, काळी आपल्या गाडीच्या पत्र्यावरच्या अर्थिंगच्या बोल्टला. इथे स्टार्टर मोटर फिरवायची नसल्यामुळे फार करंट लागत नाही. कॉम्प्युटर जागे झाले, काँटॅक्टरचा टक्क आवाज आला आणि स्क्रीनवर 'रेडी'. ७४ टक्के. जशी ठेवून गेलो होतो तशीच. (उलटं मात्र करू नका. इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करायला बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मनाई असते.)

काकांचं म्हणणं, "अरे, पेट्रोल गाडीचीही बसते की बॅटरी. लॉकडाऊनमध्ये आपल्या अख्ख्या सोसायटीच्या बसल्या होत्या." खरंय. मार्च २०२० नंतर दोन-अडीच महिन्यांनी खाली जाऊन किल्ली फिरवणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना 'टक टक टक' एवढंच ऐकू आलं होतं. त्यामुळे काका म्हणतात, यात नवीन काय?

नवीन आहे, आणि माझं सगळं म्हणणं याच मुद्द्यावर आहे. एक तर पेट्रोल गाडीची बॅटरी मरण्याआधी कुरकुरते. स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात, त्यामुळे बॅटरी म्हातारी झाली की इंजिन आळसटून फिरतं, आपल्याला कळतं की आता दुकान गाठायला हवं. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर असा मोठा भार कधी पडतच नाही, म्हणून ती आतून पोखरली तरी शेवटच्या दिवसापर्यंत सगळं गुळगुळीत चालतं. दुसरं म्हणजे, उभी असलेली पेट्रोल गाडी स्वतःहून इंजिन सुरू करून अल्टरनेटर फिरवू शकत नाही. पार्किंगमध्ये धूर ओकत कोणी तसं करूही नये. तिथे बॅटरी उतरणं हा नाइलाज आहे. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटरच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, तो मोठ्या बॅटरीतून घेऊन छोटीला भरतो. आवाज नाही, धूर नाही. हे काम तो गाडी उभी असतानाही करू शकतो. करायचं की नाही, हे कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं.

हिशोब करा. माझी मोठी बॅटरी ४० किलोवॅट-अवरची आहे. छोटी १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ०.५४ किलोवॅट-अवर. मोठीच्या दीड टक्क्याहूनही कमी. कन्व्हर्टरची गळती धरली तरी दोन टक्क्यांत छोटी पूर्ण रिकामीची पूर्ण भरते. माझ्याकडे चौऱ्याहत्तर टक्के पडून होते!

आता माझा गुन्हा कबूल करतो. बॅटरी बदलल्यावर (साडेचार हजार गेले) मला चैन पडेना, कारण सोळा दिवसांत अशी बॅटरी मरायला नको होती. ऑफिसातल्या एका हार्डवेअरवाल्या मित्राकडून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणला. पुढच्या शनिवारी बॉनेट उघडून, गाडी कुलूपबंद आहे असं तिला भासवून, किल्ली घरात ठेवून, पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसलो. वॉचमनने दोनदा येऊन विचारलं, "साहेब, काय हरवलंय का?" अर्ध्या-पाऊण तासाने गाडी हळूहळू झोपली. शेवटी आकडा स्थिरावला पंचवीस मिलिअँपिअरवर. उत्तम. या वेगाने दिवसाला ०.६ अँपिअर-अवर, म्हणजे अर्धी बॅटरी संपायलाही महिन्याहून जास्त लागेल.

मग मोबाईलवर ॲप उघडून 'रिफ्रेश' दाबलं. मीटरवरचा आकडा एकदम साडेतीन अँपिअरवर उडाला! आणि मी मोबाईल खिशात ठेवला तरी तो खाली येईना. बारा मिनिटं गाडी जागी होती. एका रिफ्रेशला ०.७ अँपिअर-अवर. म्हणजे गाडी एक दिवसभर झोपून जेवढं खाते त्याहून जास्त, फक्त मला '७४ टक्के' एवढं सांगण्यासाठी.

आणि आता मुद्द्याचं. घरी कपाटावर एक रास्पबेरी पाय पडलेला असतो. त्यावर मी गेल्या दिवाळीत एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. दर सहा तासांनी गाडीला विचारायचं, बाई तुझं चार्जिंग किती, आणि आलेखात टिंब टाकायचं. कशासाठी? कशासाठीच नाही. आलेख छान दिसतो म्हणून. :) वर मी शहाणपणा करून सर्व्हरवर साठवलेली जुनी किंमत न घेता प्रत्येक वेळी थेट गाडीला उठवून ताजी किंमत मागत होतो, कारण शिळा डेटा आपल्याला चालत नाही. दिवसाला चार वेळा, म्हणजे २.८, त्यात झोपेचे ०.६. रोज ३.४ अँपिअर-अवर. एरवी मी रोज गाडी चालवायचो, बॅटरी भरून निघायची, काही कळायचं नाही. गावाला गेल्यावर दहाव्या दिवशी आलेखातली टिंबं थांबली होती. मला वाटलं पार्किंगमध्ये नेटवर्क गेलं असेल. अडीच वर्षांच्या, उन्हाळ्याने आधीच थकलेल्या बॅटरीने त्या दिवशी प्राण सोडला होता, आणि नंतरचे सहा दिवस ती तशीच सडत होती. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, मग ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

तेव्हा गुन्हेगार मीच. बायकोने एका वाक्यात निकाल दिला, "म्हणजे आईंच्या ऑपरेशनच्या दिवशीची गाडी तू आलेखासाठी मारलीस."

हो. पण आता सॉफ्टवेअरवाला म्हणून थोडं भांडतो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, की वापरणाऱ्याने बावळटपणा केला तरी सिस्टीम कोसळता कामा नये. माझी स्क्रिप्ट बावळट होती, पण तिला रोज चार वेळा गाडी उठवू देणारा सर्व्हर कोणाचा? बारा व्होल्टची बॅटरी अर्ध्यावर आल्यावरही 'आता उठणार नाही' असं न म्हणणारं फर्मवेअर कोणाचं? काही गाड्या असं म्हणतात, ठराविक पातळीखाली मोबाईलशी बोलणं बंद करतात. माझी म्हणत नाही. ॲपमध्ये टायरची हवा दिसते, गेल्या महिन्यात मी किती झाडं वाचवली ते दिसतं, पण बारा व्होल्टच्या बॅटरीचा आकडा कुठेही नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला तो प्रत्येक क्षणी माहीत असतो. दहाव्या दिवशी मरण्याआधी एक एसेमेस पाठवण्याइतकी ताकद तिच्यात होती. आठव्या दिवशी तर नक्कीच. मी गावाहून काकांना फोन केला असता, त्यांनी घरची किल्ली वॉचमनकडून घेऊन गाडी अर्धा तास चालू ठेवली असती, विषय संपला असता.

मोबाईलच्या जगात आम्ही याच खड्ड्यातून गेलोय. अँड्रॉइडमध्ये 'वेकलॉक' नावाची भानगड आहे. कुठलंही ॲप सांगू शकतं की मला काम आहे, फोनला झोपू देऊ नका. सुरुवातीच्या काळात टुकार ॲप्स वेकलॉक घेऊन बसायची आणि सकाळी फोन मेलेला. मग बॅटरी कोणी खाल्ली त्याची यादी दाखवणारा स्क्रीन आला, आणि २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर 'डोझ' आला, जो पडून असलेल्या फोनमधल्या सगळ्यांना सक्तीने झोपवतो. गाडीत अजून तसा स्क्रीन नाही. गाडीतले कॉम्प्युटर एका सामायिक तारेवर, कॅन बसवर, बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ साली जगापुढे मांडली. तारेवर एक जण बोलत राहिला की बाकीच्यांनाही झोप नाही, लग्नघरात एक मामा रात्रभर गप्पा मारत बसतो तसं. ज्याच्याशी काम आहे तेवढ्यालाच उठवायची सोय कॅनच्या प्रमाणकात पुढे आली, पण ती वापरायला वेगळे चिप लागतात, म्हणजे पैसे. मला फार मोठं काही नको. 'काल रात्री कोण किती वेळ जागं होतं' एवढं दाखवणारा एक स्क्रीन द्या. मी माझी स्क्रिप्ट दुसऱ्याच दिवशी उडवली असती.

कंपनीतले इंजिनिअर यावर काय म्हणतील तेही मला माहितीय. उभ्या गाडीत काँटॅक्टर जोडायचे म्हणजे कोणी जवळ नसताना चारशे व्होल्ट जिवंत करायचे. काँटॅक्टरचं आयुष्य खर्च होतं. थोड्याशा भारावर कन्व्हर्टर अकार्यक्षम चालतो. मोठी बॅटरीच तळाला असेल तर आणखी पंचाईत. सगळं मान्य. पण रात्री चार्जिंगला लावतो तेव्हाही गाडीजवळ कोणी नसतंच ना? आणि ज्यांनी ही सोय दिली त्यांनी हे सगळं सोडवूनच दिली. ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकमध्ये (आपल्याकडे २०१९ मध्ये आली होती, आता विकत नाहीत) उभ्या गाडीत मोठीतून छोटी भरायची सोय होती, तीही मेनूतून चालू-बंद करता येणारी. टेस्लाने २०२१ पासून लेड-ॲसिडच काढून टाकून तिथे छोटी लिथियम बॅटरी बसवायला सुरुवात केली, आणि २०२३ च्या सायबरट्रकमध्ये बाराऐवजी ४८ व्होल्ट आणले.

भरणारा कन्व्हर्टरच गेला तर मात्र कुठलीही सोय उपयोगाची नाही. २०२४ च्या जूनमध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या, जुलैमध्ये कियाने १,१३८ ईव्ही६, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी १,३८०. कारण एकच, चार्जिंग सांभाळणारं युनिट बिघडून बारा व्होल्टची बॅटरी भरणं थांबू शकतं. तुमची यातली असेल आणि काम करून घेतलं नसेल तर आधी ते करा, बाकीचं नंतर वाचा.

तोपर्यंत आपण काय करायचं? मी आता काय करतो ते सांगतो. गावाला जायच्या आधी डॅशकॅमची वायर काढतो. पार्किंगमध्ये पहारा देणारा डॅशकॅम पाव अँपिअर जरी खात असला तरी दिवसाचे सहा अँपिअर-अवर झाले, चार दिवसांत अर्धी बॅटरी साफ. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावलेलं ब्लूटूथचं टिकलीएवढं यंत्रही काढतो. किल्ली गाडीपासून लांब, कारण जवळ असली की काही गाड्या तिला ओळखून जाग्या होत राहतात. ॲप उघडत नाही. चार्जर लावून ठेवायचा का, हे मात्र गाडीगणिक वेगळं आहे. काही गाड्या प्लग लावलेला असला की अधूनमधून छोटी भरतात, काही नुसत्या जाग्या राहून उलट खातात. मॅन्युअलमध्ये 'दीर्घकाळ उभी ठेवणे' किंवा तशा नावाचं पान असतं, ते एकदा वाचा. माझ्या मॅन्युअलमध्ये ते चारशेव्या पानाच्या पुढे, स्टेपनीच्याही नंतर आहे.

आणि दहा दिवसांतून एकदा कोणाला तरी गाडी अर्धा-पाऊण तास चालू ठेवायला सांगा. पण चालू म्हणजे 'रेडी'. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर स्क्रीन लागतो, गाणी लागतात, सगळं चालू झाल्यासारखं वाटतं, पण बहुतेक गाड्यांत तेव्हा काँटॅक्टर जोडलेले नसतात. म्हणजे बॅटरी भरायला गेलो आणि उलट अर्धा तास पिऊन आलो. काकांना मी हे दोनदा करून दाखवलंय. महिन्याभरापेक्षा जास्त जायचं असेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवणं सगळ्यात खात्रीचं, फक्त मॅन्युअल त्याला परवानगी देतं का आणि बॉनेट विजेशिवाय उघडतं का, हे आधी बघून घ्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पार्किंगच्या खांबाला एक साधा प्लग पॉइंट मागितलाय, बारा व्होल्टचा छोटा चार्जर लावता यावा म्हणून. सेक्रेटरींनी विचारलं, "तुमचा तो मोठा चार्जर आहे ना तिथे?" मी समजावायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला त्यांनी पुढचा विषय घेतला. पाण्याच्या टँकरचा. पुढच्या महिन्यात पुन्हा मागणार आहे.

स्क्रिप्ट अजून आहे, पण आता ती सर्व्हरवरची शिळी किंमत वाचते. आणि मी स्वतःची जंपर केबल विकत आणलीय. आणल्या आणल्या डिकीत टाकली होती. दोन दिवसांनी आंघोळ करताना लक्षात आलं, की आपल्या गाडीची डिकी विजेवर उघडते. आता केबल चपलांच्या कपाटात आहे.